बंदूक कशी ठेवलीय ते बघायला पोलिस घरी आले, आत घ्यायचं का?

धायरीची_सून
आमच्या सासऱ्यांकडे बारा बोअरची डबल बॅरल म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, मुळशीला शेती करत होते तेव्हा डुकरांच्या त्रासापायी परवाना काढलेला, नूतनीकरण सगळं वेळच्या वेळी केलंय. आता ते आमच्याकडे धायरीला असतात. परवा दुपारी दोन पोलिस आले, म्हणे परवानाधारकांचं चेकिंग चालू आहे, हत्यार कुठे ठेवता ते दाखवा. बाबा दवाखान्यात गेलेले, घरी मी आणि माझा मुलगा, दुसरीत आहे तो. मी म्हटलं ते आल्यावर या. नीटच बोलले, पण जाताना म्हणाले तुम्ही कपाट उघडून दाखवलं तरी चालेल. आता चावी देवघराच्या ड्रॉवरमध्ये असते, ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. असं घरात येऊन बघता येतं का? नाही म्हटलं तर परवाना जाईल का? बाबांचं जेवणात लक्ष नाहीये, त्यांना वाटतंय बंदूक काढून घेणार.

बालेवाडी_शूटर
ताई, आधी बाबांना सांगा घाबरू नका म्हणून. तपासणी वेगळी आणि झडती वेगळी. परवाना आणि हत्यार पोलिसांनी बघायला मागितलं तर दाखवायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आणि आडमुठेपणा केला तर नूतनीकरणाच्या रिपोर्टमध्ये उगाच काहीतरी लिहिलं जातं. पण कपाटं उचकायची म्हटली की ती झडती झाली, त्याला कायदेशीर आधार लागतो, कारणं लेखी नोंदवावी लागतात, पंच लागतात, आणि १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) व्हिडिओ शूटिंग पण करावं लागतं. आलेल्यांचं ओळखपत्र बघा, ठाण्यात फोन करून विचारा की खरंच पाठवलंय का, आणि बाबा घरी असतील अशी वेळ ठरवून घ्या. बंदूक जमा करा म्हणाले तर नंबर लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय हातात द्यायची नाही.

नळीची_बंदूक
सगळे पोलिसांवरच बोलतायत, मला त्या ड्रॉवरची जास्त काळजी वाटतेय. परवाना बाबांच्या नावावर आहे, तुमच्या नाही, त्यामुळे तुम्ही कपाट उघडून बंदूक बाहेर काढणं हेच मुळात चुकीचं, कोणी काही म्हणू दे. आणि दुसरीतल्या पोराला चावी कुठे आहे ते माहीत असणं, कृपा करून आजच्या आज बदला हे. डबल बॅरल सहज तीन भागांत सुटते, नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. बाबांना सांगा नळ्या एका कपाटात कुलपात, दस्ता दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या कुलपात, आणि चाव्या फक्त त्यांच्या करगोट्याला नाहीतर खिशात. ठेवायच्या आधी बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचा, दर वेळी, रिकामी आहे हे माहीत असलं तरी. आमच्या गावात भरलेली बंदूक माळ्यावर ठेवली होती एकाने, पुढचं मी लिहीत नाही.

सदाशिव_ते_मेलबर्न
इकडे ऑस्ट्रेलियात १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, त्यानंतर नियम एकदम कडक झाले. कुलूपबंद कपाट पाहिजेच, काडतुसं वेगळी, आणि पोलिस येऊन कपाट बघतात. माझे शेजारी शेतकरी आहेत, ते चहा करून ठेवतात. मला तर वाटतं आपल्याकडे हे व्हायलाच पाहिजे, फक्त आधी कळवून आणि परवानाधारकासमोर.

धायरीची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. चावी संध्याकाळीच बाबांकडे दिली. ठाण्यात पण फोन केला, चेकिंग खरंच चालू आहे, शनिवारी सकाळी बाबा असताना येतील. एक राहिलंच, परवान्यावर अजून मुळशीचाच पत्ता आहे, त्याने काही अडचण?

बालेवाडी_शूटर
हो, तेच आधी करा. पत्ता बदलला की कळवणं ही परवान्याची अटच आहे. ग्रामीणचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, शहरात पोलिस आयुक्तांकडे, म्हणून दोन्हीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. शनिवारच्या आत पोच हातात असली तर उत्तम.