रकाने हवेत कशाला? माणसाला बोलू द्या की!

कोरा_रकाना: मी रुग्णनोंदींची सॉफ्टवेअरं बनवते, म्हणजे लोकांना छळणारे फॉर्ममधले ते तारांकित, भरल्याशिवाय पुढे न जाऊ देणारे रकाने माझीच करणी. परवा एका चाचणीत 'खोकला कधीपासून?' यावर एक बाई म्हणाल्या, "घर बदललं तेव्हापासून." रकान्याला तारीख हवी होती. नोंद घेणाऱ्या मुलीने अंदाजाने १ तारीख ठोकून दिली. झालं! डॉक्टरला कामाचं जे होतं, नवं घर, कदाचित ओल, ते गळालं. जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते मात्र जपून ठेवलं गेलं. आता बोलणं टिपून त्यातून हवं ते वेचणारी यंत्रं आहेत. मग फॉर्मचा अट्टहास का?

शाईचा_डाग: उदाहरण चपखल, निष्कर्ष घाईचा. रकाना विचारायची आठवणही करून देतो. अमेरिकन डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये नवजात बाळासाठी पाच गोष्टींचा तक्ता मांडला: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, चाळवल्यावरचा प्रतिसाद, रंग. प्रत्येकीला ० ते २ गुण. 'बाळ छान आहे' हेही नैसर्गिक संभाषणच की! पण त्यात श्वास पाहिला होता का, ते कळत नाही. गप्पांत औषधाच्या ॲलर्जीचा विषय निघालाच नाही, तर तुमचं यंत्र काय वेचणार? 'नाही' आणि 'विचारलंच नाही' यांत जिवाचं अंतर आहे.

कोरा_रकाना: ॲलर्जीचं मान्य. यंत्राने तेवढं विचारून घ्यावं. पण सक्तीच्या रकान्यात लोक काय भरतात ते मी रोज बघते. टिंब, '००', 'अबक'. तारा लावला की माणूस खोटं बोलायला शिकतो.

पाठकोरा: शाईचा_डाग यांना +१. शिवाय मोजायचं म्हटलं की चौकट आलीच. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ या संशोधकाची यंत्रं लोकांच्या उत्तरांसाठी कार्डांवर पाडलेली भोकं मोजत होती. भोक आहे किंवा नाही, अधलंमधलं काही नाही. तुमचं यंत्रही वेचलेलं शेवटी रकान्यातच टाकणार ना? मग फॉर्म गेला कुठे? फक्त भरणारा बदलला. मी भरायचो तेव्हा चूक निदान माझ्या डोळ्यांसमोर व्हायची. आता ती माझ्या पाठीमागे होणार.

कोरा_रकाना: हे लागलं. मग भरलेलं वाचून दाखवायचं, आणि शेजारी मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवायचं. 'घर बदललं तेव्हापासून' कायम राहील.

शाईचा_डाग: वाचून दाखवलेलं ऐकतो कोण! अटी-शर्तींखाली 'मान्य' दाबताना तुम्ही कधी वाचलंय? मूळ वाक्य ठेवा, याला मात्र माझी हरकत नाही. (ते किती दिवस ठेवायचं आणि कुणी ऐकायचं, हा वेगळ्या धाग्याचा विषय.)

कोरा_रकाना: नाही वाचलं, कबूल. बाकीचं भांडू सावकाश. तूर्तास त्या तारखेच्या रकान्याचा तारा काढलाय आणि खाली 'नक्की आठवत नाही, पण…' अशी मोकळी ओळ दिलीय.

पाठकोरा: म्हणजे अजून एक रकाना वाढवलात!