फ्रीजर रूमची कॉइल बर्फाने गच्च, आणि दर वेळी ‘गॅस कमी’ हेच उत्तर

उणे_अठरा: मंडळी, गोठवलेल्या मालाची एक वॉक-इन रूम (माणूस आत जाऊ शकेल असा खोलीएवढा फ्रीजर) आहे, थंडावा देणारा गॅस आर-४०४ए. उणे १८ हवं, पण उणे १० वरच अडकते. आतलं युनिट, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची कॉइल आणि पंखे, बर्फाने भरलेलं असतं. मेकॅनिक येतो, पाणी मारून बर्फ काढतो, ‘गॅस कमी होता’ म्हणत थोडा भरतो. रूम ठणठणीत. आठवडाभरात पहिले पाढे पंचावन्न. गळती विचारली की सापडत नाही म्हणतो.

गेजवाला: सिलिंडर जरा बाजूला ठेवा. बर्फ नेमका कुठे धरतो? एक्स्पान्शन व्हॉल्व्हकडून (कॉइलमध्ये द्रव गॅस सोडणारा व्हॉल्व्ह) नळी येते तेवढ्याच भागात, की सगळ्या कॉइलवर सारखा? गॅस खरंच कमी असेल तर सुरुवातीच्या नळ्यांतच द्रव उकळून संपतो, तिथेच बर्फ दिसतो, पुढची कॉइल बरीचशी कोरडी.

उणे_अठरा: सगळीकडे सारखा. पार पंख्याच्या जाळीपर्यंत.

गेजवाला: मग डिफ्रॉस्ट बघा, म्हणजे हीटर लावून कॉइलवरचा बर्फ वितळवायची सोय. बर्फाने हवा अडली की कॉइलला उष्णता मिळत नाही आणि सक्शन प्रेशर (कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा दाब) पडतं. गेजवर हे हुबेहूब गॅस कमी असल्यासारखं दिसतं, तुमचा मेकॅनिक तिथेच फसतोय. रूम थंड झाली ती बर्फ काढल्यामुळे, श्रेय गेलं सिलिंडरला! वर जादा गॅस कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणारा भाग) साठून हेड प्रेशर, म्हणजे तिकडचा दाब, चढतं आणि कॉम्प्रेसरला त्रास होतो तो वेगळाच.
कंट्रोलरवरून हाताने डिफ्रॉस्ट लावायला सांगा आणि प्रत्येक हीटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारं) लावायला सांगा. एकूण करंट बघून समाधान मानू नका, एक हीटर जळलेला असला तरी बाकीचे करंट ओढतातच. करंट आलाच नाही तर दोष हीटर, कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा मधल्या वायरीत.

दारवाला_भाऊ: गेजवाल्यांशी सहमत, पण बर्फ होतो तो आत शिरलेल्या ओलाव्याचा. दाराच्या गॅस्केटमध्ये (कडेची रबरी पट्टी) कागदाची पट्टी धरून दार लावा. सहज ओढून निघाली तर तिथून दमट हवा आत येते. माल चढवताना दार उघडंच ठेवायची सवय असेल तर नवा हीटरही किती पुरणार? आणि ड्रेनची नळी तपासा. तिचा हीटर गेला की वितळलेलं पाणी नळीतच गोठतं आणि बर्फ ट्रेमधून वर चढत जातो. कृपा करून कोणाला स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडू देऊ नका, नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच कमी होईल.

उणे_अठरा: दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घेतलं. दोनपैकी एका हीटरला करंट शून्य, हीटरच जळालाय. गॅस्केट ठीक आहे. पण डिफ्रॉस्ट अवघ्या काही मिनिटांत बंद होतं, हे बरोबर का?

गेजवाला: नाही. डिफ्रॉस्ट थांबवणारा सेन्सर बहुधा चालू हीटरला खेटून बसलाय. त्याला लवकर ऊब लागते आणि तो ‘झालं’ म्हणतो, पलीकडे बर्फ तसाच. हीटर बदलल्यावर एक पूर्ण डिफ्रॉस्ट समोर उभं राहून बघा आणि जिथला बर्फ सगळ्यात शेवटी सुटतो तिथे सेन्सर बांधा. डिफ्रॉस्ट संपल्यावर कॉइल पुन्हा थंड होईपर्यंत पंखे सुरू होणार नाहीत एवढा उशीर ठेवा, नाहीतर कॉइलवरचं पाणी छतावर उडून गोठतं. गॅसचं बघायचं ते त्यानंतर, स्वच्छ कॉइलवर, सुपरहीट (कॉइलमधून निघणारी वाफ उकळबिंदूपेक्षा किती गरम) आणि सबकूलिंग (कंडेन्सरमधून निघणारा द्रव द्रवीभवनाच्या तापमानापेक्षा किती गार) मोजून. जादा निघाला तर काढून घ्या, हवेत सोडू नका.