पॉलिग्राफ चाचणीत नेमकं काय काय होतं?

शाल्मली_क

माझे दीर एका सराफी पेढीत रोखपाल आहेत. मार्चअखेरच्या मोजदादीत दागिन्यांचा एक डबा कमी भरला. तक्रार झाली, पेढीतल्या सहाही जणांचे जबाब झाले, आणि आता तपास अधिकारी विचारतायत की पॉलिग्राफला (खोटं पकडायच्या यंत्रावरच्या चाचणीला) तयार आहात का. चाचणी मुंबईला, कलिनाच्या सरकारी प्रयोगशाळेत होईल म्हणाले. दीर हो म्हणायच्या बेतात आहेत, कारण 'नाही म्हटलं तर संशय माझ्यावरच येईल' असं त्यांना वाटतं.

तिथे इंजेक्शन वगैरे देतात का? किती वेळ लागतो? त्यांना रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल चालू आहे, ती त्या दिवशी घ्यायची की नाही? आणि मुळात घाबरट माणूस खरं बोलूनही नापास होऊ शकतो का? माहीतगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सूक्ष्मदर्शी

इंजेक्शन, गुंगी हे नार्को चाचणीत. पॉलिग्राफमध्ये अंगात काहीही सोडत नाहीत. बोटांना लावलेल्या पट्ट्यांतून जो वीजप्रवाह जातो तो जाणवतही नाही.

काय लावतात ते सांगतो. छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक अशा दोन लवचिक नळ्या, श्वासाची लय टिपायला. एका हाताच्या दोन बोटांना धातूच्या पट्ट्या किंवा चिकट इलेक्ट्रोड, घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती बदलते ते मोजायला. दंडाला रक्तदाब मोजतात तसाच पट्टा, फक्त तो पूर्ण आवळत नाहीत. साधारण 60 ते 70 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब भरून तसाच ठेवतात आणि नाडीबरोबर दाब कसा हलतो ते नोंदवतात. बऱ्याच ठिकाणी आणखी एका बोटाला रक्तप्रवाह टिपणारी क्लिप असते, आणि खुर्चीच्या गादीखाली हालचाल ओळखणारा संवेदक.

अख्खं काम दोन ते चार तासांचं धरून चला. यंत्राला जोडलेलं असणं त्यात फार तर पाऊण तास. बाकीचा वेळ बोलण्यात जातो, आणि घरच्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून मी यावर जोर देतोय: चाचणीपूर्व मुलाखत हाच चाचणीचा पाया आहे. तब्येत, झोप, औषधं, शिक्षण विचारतात. मग घटनेबद्दल तुमच्याच तोंडून सगळं ऐकून घेतात. त्यानंतर यंत्र लावण्याआधी प्रत्येक प्रश्न वाचून दाखवतात. अचानक कोणताही प्रश्न येत नाही. एखादा शब्द दोन अर्थांचा वाटला तर तो तिथेच बदलून घ्यायचा. 'डब्याला हात लावलात का?' या प्रश्नाला रोखपालाचं प्रामाणिक उत्तर 'हो, रोज लावतो' असंच असणार. प्रश्न 'तो डबा तुम्ही पेढीबाहेर नेलात का?' असा हवा. उत्तर फक्त हो किंवा नाही.

प्रश्न तीन जातींचे असतात. एक निरुपद्रवी: 'आज बुधवार आहे का?' दुसरे थेट घटनेचे. तिसरे तुलनेचे, म्हणजे 'या नोकरीआधी कधी कुणाची वस्तू न विचारता घेतली आहे का?' अशासारखे. या तिसऱ्या जातीमुळे लोक बिचकतात, 'हे कुठलं जुनं उकरून काढतायत' म्हणून. पण हिशेब असा आहे की खरं बोलणाऱ्या माणसाला असे मोघम प्रश्न जास्त टोचतात आणि खोटं बोलणाऱ्याला थेट घटनेचे. तज्ज्ञ दोन्हींच्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहतो.

एका फेरीत दहाएक प्रश्न, दोन प्रश्नांमध्ये 25 सेकंदांच्या आसपास शांतता, कारण घामाची प्रतिक्रिया उठून परत बसायला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे फेरी चार-पाच मिनिटांची होते. अशा किमान तीन फेऱ्या, बहुधा प्रश्नांचा क्रम बदलून. फेऱ्यांच्या मधे दंडाचा पट्टा सैल करतात. हात बधिर किंवा निळसर झाला तर लगेच सांगा, सहन करत बसू नका. दुखरा हात हललाच, तर आलेखावर जो फुगवटा उठतो तो प्रतिक्रियेसारखाच दिसतो.

बिघडतं कुठे? थंडगार खोलीत बोटं कोरडी पडतात आणि घामाचा आलेख सपाट येतो. घट्ट बाहीवर पट्टा बांधला तर नाडी नीट उमटत नाही. अर्ध्या बाहीचा सैल सदरा घाला. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे मागा, कारण प्रत्येक ठसक्याने श्वासाची नोंद निदान दहा-पंधरा सेकंद वाया जाते. आणि इंटरनेटवर वाचून मुद्दाम श्वास रोखणं, पायाची बोटं आवळणं असले उद्योग करू नयेत. खुर्चीखालचा संवेदक ते पकडतो, श्वासाची ठरीव लय तर नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि अहवालात 'असहकार' असा शेरा पडला की खऱ्या माणसाचं नुकसान होतं.

ॲटेनोलॉल: बंद करू नका. अशी गोळी एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं. तिच्याने नाडीचा वेग दबतो, म्हणजे दंडाच्या पट्ट्याची नोंद थोडी मंद येईल. घामाच्या ग्रंथी मात्र ॲसिटिलकोलिन नावाच्या वेगळ्या रसायनावर चालतात, त्यामुळे ती नोंद जवळपास तशीच राहते, आणि गुणांकनात सर्वांत जास्त भार तिच्यावरच असतो. गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्या आणि मुलाखतीत नोंदवून घ्या. नेहमीचं जेवण, नेहमीचा चहा, आदल्या रात्री पुरेशी झोप. उपाशी जाऊ नये.

दिवाणी_फौजदारी

वरचं सगळं 'हो' म्हटल्यानंतरचं आहे. मी आधीचं सांगते.

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, सर्वोच्च न्यायालय, 5 मे 2010. नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी टिपणारी चाचणी) या तिन्ही चाचण्या कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत. आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) आणि 21 चा. हे संरक्षण फक्त आरोपीला नाही, संशयिताला आणि साक्षीदारालाही आहे. नाही म्हणणं हा हक्क आहे आणि नकार हा न्यायालयात पुरावा होत नाही. तपास अधिकाऱ्याच्या मनात काय येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही, पण त्या धाकाने दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. हे दिरांना शांतपणे बसवून समजावा.

आधी त्यांना आलेली नोटीस वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 ची असेल तर त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम 35(3) ची असेल तर संशयाची सुई त्यांच्याकडे आहे. दोन्हींत फार अंतर आहे, आणि दुसरी असेल तर वकिलाशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

संमती पोलीस ठाण्यात कोऱ्या किंवा छापील कागदावर सही करून होत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची 2000 सालची मार्गदर्शक तत्त्वं सेल्वी निकालाने पाळायला सांगितली आहेत. त्यांनुसार वकील मिळाला पाहिजे. चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे, आणि तिथेही वकील हजर हवा. दंडाधिकाऱ्याने स्पष्ट सांगायचं असतं की इथलं बोलणं म्हणजे दंडाधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब नव्हे, त्याचा दर्जा पोलिसांपुढच्या जबाबाचा. चाचणी स्वतंत्र यंत्रणेने, वकिलाच्या उपस्थितीत घ्यायची. वकील नेमका कुठे बसणार हे आधी लेखी ठरवून घ्या, ऐनवेळी दारात वाद नको.

स्वेच्छेने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा म्हणून दाखल होत नाही. पण त्या बोलण्यातून एखादी वस्तू किंवा माहिती पुढे सापडली तर ती दाखल होऊ शकते. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम 27, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 चं परंतुक. म्हणून चाचणी संपल्यावर, वायरी काढल्यावर जी 'चाचणीनंतरची मुलाखत' होते तिच्याकडे लक्ष ठेवा. 'आलेख तर वेगळंच सांगतोय, आता बोलून टाका' असं तिथे विचारलं जातं. थकलेला, हादरलेला माणूस त्या दहा मिनिटांत नको ते मान्य करून बसतो. 'मला जे माहीत होतं ते मी सांगितलं आहे' एवढं म्हणून गप्प राहण्याचा अधिकार तेव्हाही असतो.

मालकाने परस्पर खासगी संस्थेकडून चाचणी करा असं सुचवलं तर सरळ नकार द्या. तिथे ना दंडाधिकारी, ना स्वतंत्र यंत्रणा.

संख्याशास्त्री_नाशिक

'खरं बोलूनही नापास होऊ शकतो का?' या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, आणि ते झाकू नये. यंत्र खोटं मोजत नाही, उत्तेजना मोजतं. भीती, अपमान, राग यांचा घाम वेगळ्या रंगाचा नसतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2003 मध्ये उपलब्ध अभ्यासांची छाननी केली. ठरावीक घटनेबद्दलची चाचणी नुसत्या अंदाजापेक्षा बरीच सरस ठरते, पण अचूकतेपासून बरीच लांब राहते, असा त्यांचा निष्कर्ष. उलट दिशेचं उदाहरण ऑल्ड्रिच एम्सचं: सीआयएत राहून सोव्हिएत संघाला गुपितं विकणारा हा माणूस 1986 आणि 1991 अशा दोन्ही पॉलिग्राफ चाचण्यांतून सुटला होता.

पेढीचाच हिशेब मांडू. चाचणी दोन्ही बाजूंनी 80 टक्के बरोबर येते असं धरू (हा आकडा गणितापुरता). सहांत चोर एक असेल तर उरलेल्या पाच निरपराधांपैकी सरासरी एक जण नापास होतो. पाचही जण सुखरूप सुटण्याची शक्यता 0.8 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 33 टक्के. तीनांतल्या दोन वेळा निदान एक निरपराध अडकतो. आणि चोर बाहेरचाच असेल, तरी सहांपैकी कुणी ना कुणी नापास होण्याचीच शक्यता जास्त. सगळ्यांना सरसकट बसवलं की हे होणारच. वकिलांनी हा मुद्दा तपास अधिकाऱ्यापुढे मांडायला हवा.

गुणांकनाबद्दलही थोडं. युटा पद्धतीत प्रत्येक थेट प्रश्नाची तुलना शेजारच्या तुलनाप्रश्नाशी करून उणे 3 ते अधिक 3 गुण देतात. बेरीज अधिक 6 किंवा जास्त आली तर खरं, उणे 6 किंवा कमी आली तर खोटं, मधलं सगळं अनिर्णित. अनिर्णित म्हणजे दोषी नव्हे. अहवाल अनिर्णित आला तर कुणालाही तो 'दोषी' असा वाचू देऊ नका.

सूक्ष्मदर्शी

यात एक भर. दुसऱ्या प्रकारची चाचणीही असते, दडवलेल्या माहितीची. 'डब्यात काय होतं? पाटल्या? तोडे? ठुशी? मोहनमाळ? बुगड्या?' असे पाच-सहा पर्याय ओळीने विचारतात. ज्याला खरं उत्तर माहीत आहे त्याचं शरीर त्या एका शब्दाला वेगळी दाद देतं. निरपराध माणूस इथे फारसा अडकत नाही, पण एका अटीवर: ते उत्तर त्याला आधीपासून माहीत नसावं. पेढीतल्या रोखपालाला डब्यात काय होतं हे माहीत असणारच, आणि तक्रारीनंतर उरलेलं सगळं पेढीभर बोललं गेलेलं असणार. म्हणून दिरांनी चाचणीपूर्व मुलाखतीत स्वतःहून सांगावं की मला हे, हे आणि हे कामामुळे किंवा ऐकून माहीत आहे. तेवढे प्रश्न बाद करावे लागतात.

शाल्मली_क

सगळ्यांचे खूप आभार. नोटीस काढून पाहिली, कलम 179 ची आहे. उद्या वकिलांना भेटतोय, तोवर होकार देऊ नका असं दिरांना सांगितलंय. अजून एक राहिलं: त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. त्याने फरक पडेल का?

सूक्ष्मदर्शी

पडतो. प्रश्न नीट ऐकू आला नाही की माणूस दचकतो, श्वास धरून ऐकायचा प्रयत्न करतो, आणि ते नेमकं प्रश्नाच्याच जागी आलेखावर उमटतं. तज्ज्ञ बहुधा बाजूला किंवा मागे बसतो, त्यामुळे ओठांकडे पाहून समजून घेण्याची सोयही नसते. चाचणीला जायचं ठरलंच तर मुलाखतीच्या सुरुवातीला हे नोंदवून घ्या, तज्ज्ञांना डाव्या बाजूला बसायला सांगा, आणि प्रश्न मराठीतच, सावकाश विचारावेत अशी विनंती करा. श्रवणयंत्र वापरत असतील तर नवी बॅटरी घालून न्या. फेरीच्या मधे एखादा प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर न देता 'ऐकू आलं नाही' म्हणायचं. तेवढा प्रश्न फेरीच्या शेवटी पुन्हा घेता येतो.