‘विसंबणे’ म्हणजे भरवसा ठेवणे की सोडून जाणे?

पागोळी: एम. ए.च्या वर्गात अमेरिकी कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची १९२३ची लाल ढकलगाडीची कविता घेतली. सगळी मिळून सोळा शब्दांची; सुरुवातच ‘सो मच डिपेंड्स अपॉन’, म्हणजे त्या गाडीवर कितीतरी गोष्टींचा भार. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला, “मॅडम, पुढचं पान?” मग मराठी करायला दिली. ‘डिपेंड्स अपॉन’ला बहुतेकांनी ‘अवलंबून’ लिहिलं. एक मुलगा म्हणाला, “हे अर्थशास्त्राच्या पेपरातलं वाटतं, किंमत मागणीवर अवलंबून असते तसं.” त्यानं ‘विसंबून’ लिहिलं. मला फार आवडलं, पण एका सहकाऱ्यांनी ते चूक ठरवलं. त्यांच्या मते विसंबणे म्हणजे दूर जाणे.

बाराखडी: सहकारी बरोबर आहेत. आमची आजी म्हणायची, “गाय गाभण आहे, तिला घटकाभर विसंबू नकोस.”

दौत: दोन्ही बरोबर, प्रत्यय बघा. ‘तिला विसंबू नको’ म्हणजे सोडू नको; ‘तिच्यावर विसंबू नको’ म्हणजे भरवसा ठेवू नको. सगळं त्या ‘वर’वर आहे. विल्यम्सनं ‘अपॉन’ अख्ख्या ओळीत एकटं ठेवलंय. आपलं ‘वर’ नामाला चिकटतं, ते एकटं कसं ठेवणार?

करवंद: ‘मदार’ घ्या ना! मूळ अरबी, फिरण्याशी नातं असलेला शब्द. चाकाच्या गाडीला याहून चांगला कुठला?

बाराखडी: घरचा ‘अवलंब’ असताना अरबी कशाला? त्यात लंब आहे, लोंबणं आहे. ‘डिपेंड’च्या लॅटिन मुळातही लोंबणंच आहे.

करवंद: मदार घरचाच झालाय. आमच्या शेतकऱ्याची मदार पावसावर असते, अवलंब नसतो.

शिंपला: लोंबण्यावरून आठवलं. मी जोनाथन एडवर्ड्स शिकवतो, अठराव्या शतकातला अमेरिकेतला ख्रिस्ती धर्मोपदेशक. १७३१चं त्याचं बॉस्टनचं प्रवचन माणसाच्या याच ‘डिपेंडन्स’वर आहे, आणि १७४१च्या प्रवचनात देवानं माणसाला कोळी किड्यासारखं आगीवर धरलंय. वर्ग चिडीचूप होता. एका मुलीनं हळूच विचारलं, “सर, हा देव धरून ठेवतोय की सोडतोय?”

पागोळी: म्हणजे विसंबण्याचे दोन्ही अर्थ! हे उद्या वर्गात सांगते.

दौत: पण ‘ढकलगाडी’ कुणी ठरवलं? आमच्या साताऱ्याकडे ढकलगाडी म्हणजे भाजीवाल्याची, चार चाकांची.

पागोळी: मूळ शब्द ‘व्हीलबॅरो’ कवीनं मधोमध तोडलाय. ‘ढकल’ वर, ‘गाडी’ खाली, असं जमतं म्हणून घेतला.

करवंद: बांधकामावर एका चाकाची असते, तिला तिथले लोक काय म्हणतात ते आधी विचारा.