विषय: कौन्सिलचा बालसंगोपन अहवाल: आपल्या घरांची गरज त्यात दिसते का?

नमस्कार मंडळी,

मुलं सांभाळण्याच्या सोयी पुरेशा आहेत का, हे सांगणाऱ्या यंदाच्या बालसंगोपन अहवालासाठी कौन्सिलने, म्हणजे इंग्लंडमधल्या आपल्या स्थानिक पालिकेने, पालकांची मतं मागवली आहेत. गेल्या अहवालात ‘आपल्या भागात जागा पुरेशा आहेत’ असं म्हटलं होतं. मंडळातर्फे काही कळवायचं का? ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

– सचिव

*

सचिवकाका, नमस्कार.

कळवायलाच हवं. गेल्या वर्षीचा अहवाल मी पूर्ण वाचला आणि तो निष्कर्ष मला पटला नाही.

2006च्या चाइल्डकेअर अ‍ॅक्टचं कलम 6 सांगतं की नोकरी करणाऱ्या किंवा नोकरीसाठी शिकणाऱ्या पालकांना पुरेल एवढी सोय आहे ना, हे कौन्सिलने शक्य तितकं पाहायचं. मूल 14 वर्षांचं होईपर्यंत, अपंग मूल असेल तर 18पर्यंत. म्हणजे गरज मोजायची ती कामावर जाणाऱ्या आईबापांची. कौन्सिलच्या अहवालात मात्र नोंदणी झालेल्या जागांची बेरीज आहे, आणि सगळ्या वयांची एकत्र. तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात चार जागा रिकाम्या असल्या तर दहा महिन्यांच्या बाळाच्या आईला त्याचा काय उपयोग? दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे एक कर्मचारी लागतो, तीन वर्षांपुढच्या आठ मुलांमागे एक. त्यामुळे नर्सऱ्या, म्हणजे इथली पाळणाघरं, बाळांची खोली लहानच ठेवतात, आणि सप्टेंबर 2025पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांच्या बाळांनाही सरकारी खर्चाने आठवड्याला 30 तास मिळू लागल्यावर मागणी नेमकी तिथेच वाढली.

ते 30 तासही वर्षाचे 38 आठवडेच. बाराही महिने वाटून घेतले तर आठवड्याला सुमारे 22 भरतात. वरचे तास खिशातून.

आपल्या मंडळात नर्सेस बऱ्याच आहेत. वॉर्डवरची ड्युटी सकाळी सातला सुरू होत असेल आणि नर्सरी साडेसातला उघडत असेल, तर कागदावर जागा असूनही त्या बाईसाठी ती नाही. रात्रपाळी आणि शनिवार-रविवारबद्दल तर अहवालात अवाक्षर नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आजी-आजोबांची. आपल्यापैकी कितीतरी घरांत आई-बाबा किंवा सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येतात, सहा महिन्यांत परततात, मग दुसऱ्या बाजूचे येतात. त्या काळात आपण कुठल्याच नर्सरीच्या वेटिंग लिस्टवर नसतो, म्हणून आपली मागणी शून्य धरली जाते. त्यांच्या गुडघ्यांवर, झोपेवर आपली नोकरी उभी आहे, आणि कौन्सिलला वाटतं सगळं आलबेल आहे. याचा मला मनापासून त्रास होतो.

आणखी एक. दोघांच्याही व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ची, म्हणजे सरकारी आर्थिक मदत न मिळण्याची, अट असेल, तर नोकरदार पालकांसाठीचे तास त्या घराला मिळत नाहीत, सहसा मूल तीन वर्षांचं झाल्यावर सगळ्यांना असलेले 15 तास तेवढे मिळतात. अशा घरात पूर्ण फी भरायची की एकाने नोकरी सोडायची, हा हिशोब बहुतेक वेळा आईच्या नोकरीवर येऊन थांबतो. परवडत नाही म्हणून सोडलेली जागा अहवालात ‘रिकामी’ म्हणून मोजली जाऊ नये, एवढं तरी लिहूया.

– दोन मुलांची आई

*

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. मी चाइल्डमाइंडर आहे, म्हणजे नोंदणी करून स्वतःच्या घरी इतरांची मुलं सांभाळते, म्हणून पलीकडची बाजू सांगते.

नियमानुसार एका चाइल्डमाइंडरकडे आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं चालतात. त्यांत पाच वर्षांखालची साधारण तीन, आणि वर्षाच्या आतलं एकच. माझ्या नावावर सहा जागा धरल्या जात असतील, पण सध्या मी तिघांनाच घेते, शुक्रवार बंद ठेवते आणि संध्याकाळी साडेपाचला थांबते. माझंही घर आहे, त्याहून जास्त झेपत नाही. म्हणून ‘नोंदणी किती’ यापेक्षा ‘प्रत्यक्षात कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, कोणत्या वयाला’ हे आमच्याकडून दर सत्राला विचारा, असं कौन्सिलला कळवावं. आम्ही सांगू, कोणी विचारत नाही.

शाळेतल्या मुलांनाही विसरू नका. शाळेआधी मुलं सांभाळणारा ब्रेकफास्ट क्लब असला तरी हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्रामधल्या सुट्टीत आणि उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत तो बंद. मला सर्वांत जास्त फोन येतात ते जुलैमध्ये.

काका, मंडळाच्या पत्राआधी घराघरांतून चारच गोष्टी गोळा कराव्यात: मुलाचं वय, कामाच्या वेळा, सध्या मूल कोण सांभाळतं, आणि जागा न मिळाल्याने किंवा न परवडल्याने कोणी काम कमी केलं का. नावं नकोत, पोस्टकोडचा पहिला भाग पुरे. अहवाल नगरसेवकांपुढे जातो, तेव्हा पत्राची एक प्रत आपल्या वॉर्डच्या नगरसेवकांनाही थेट पाठवा. फॉर्म मी आज रात्री करून पाठवते.

– मंडळाची एक सभासद