मदत हवी आहे: मलेरियात ताप उतरत नाही, स्टेरॉइड द्यावं का?

रात्रपाळी: फाल्सिपेरम (मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार), लहान मुलगा. शिरेतून आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाचे तीन डोस झाले तरी ताप १०३, सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १४०. दाह एवढा भडकलाय की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावंसं वाटतंय. लवकर सांगा!

रक्तपट्टी: वजन? डोस किती मिलिग्रॅम? काउंट, म्हणजे परजीवी असलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, आधी किती, आता किती? शुद्धीवर आहे का? ग्लुकोज, एचबी (हिमोग्लोबिन)?

शलाका: स्टेरॉइड अजिबात नको. सेरेब्रल (मेंदूवर परिणाम झालेल्या) मलेरियात १९८२ मध्येच बघून झालंय: डेक्सामेथासोनने मृत्यू घटले नाहीत, उलट बेशुद्धी लांबली. पुढे गॅम्बियातल्या मुलांना टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाविरोधी अँटिबॉडी दिली. ताप उतरला, मृत्यू कमी झाले नाहीत, आणि वाचलेल्यांमध्ये मेंदूचे दोष जास्त राहिले.

सीरम: सीआरपी १४० म्हणजे जंतुसंसर्गच. सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक लावा.

शलाका: सीआरपीवरून ते ठरत नाही हो. शायझॉन्ट (पेशीत वाढलेले परजीवी) फुटले की हिमोझॉइन हे त्यांचं रंगद्रव्य बाहेर पडतं, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ आणि आयएल-६ हे दाहाचे संदेशवाहक सोडतात, आणि आयएल-६ मुळे यकृत सीआरपी बनवतं. नुसत्या मलेरियातही ते शंभरीपार जातं.

सीरम: मान्य. पण गंभीर मलेरियाच्या मुलात सोबत जंतू आहेत का, हे वेळेत कळत नाही. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवा आणि रिपोर्टसाठी थांबू नका.

रात्रपाळी: वजन १४. किलोमागे २.४ च्या हिशोबाने ३४ मिलिग्रॅम दिलं. काउंट ६ टक्के होता, आता २. हाक मारली की डोळे उघडतो, पुन्हा झोपतो. ग्लुकोज ७८, एचबी ७.२.

रक्तपट्टी: इथेच चुकलंय! २० किलोखाली किलोमागे ३, म्हणजे ४२. लहान मुलांत २.४ ने औषधाची रक्तातली पातळी कमी पडते. पुढचा डोस ४२ भरा. काउंट उतरतोय, म्हणजे औषध लागू पडतंय. ताप दोन-तीन दिवस रेंगाळू शकतो. पॅरासिटामॉल २१० मिलिग्रॅम, सहा तासांनी. ग्लुकोज मात्र दर चार तासांनी बघा.

नवखा: रॅपिड टेस्ट परत केली तर?

रक्तपट्टी: काही कळणार नाही. ती टेस्ट परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधते, आणि ते कित्येक आठवडे रक्तात राहतं. स्मिअरच (काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघा.

हिरवापाला: एचबी ७.२ आहे, लोहाचं सिरप आजच सुरू करा.

शलाका: प्रश्न तापाचा आहे. शिवाय दाहात हेप्सिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक चढलेलं असतं, आतडं लोह घेतच नाही. एचबी पुढे चार आठवडे बघत राहा, आर्टेसुनेटनंतर तांबड्या पेशी उशिराही फुटतात.

रात्रपाळी: स्टेरॉइड रद्द. कल्चरला २ मिलि पुरेल?

सीरम: पुरेल. अँटिबायोटिकच्या आधी काढा.