भाषेत १४ 'अर्थ' झालेत, किती कापू?

वेलांटी_पहिली
एका कथेसाठी भाषा बनवतेय, बेटावरच्या मीठ पिकवणाऱ्या लोकांची. नामं, विभक्ती झाली, आता क्रियापदाच्या अर्थात अडकलेय (म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू दाखवणारी रूपं, शाळेतले स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, तेच ते). सुरुवात या चारनेच केली होती पण मग इच्छा वेगळी, शंका वेगळी, परवानगी, शाप, ऐकीव बातमी असं करत करत एक्सेल शीटमध्ये १४ प्रत्यय झाले आणि काल 'उद्या होडी येईल बहुतेक' एवढं साधं वाक्य लिहायला बसले तर मलाच कळेना कुठला लावू. एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेचं -उस (जर-तर) आणि -उ (हुकूम, इच्छा) वर भागतं की!

काना_मात्रा
भागतं कारण तो -उ तिन्हीकडे राबतो, हुकूम, विनंती आणि 'त्याने यावं असं वाटतं' मधलं यावं पण. आपला विध्यर्थ तर त्याहून चलाख. 'त्याने यावं' ही इच्छा, 'खरं बोलावं' हे कर्तव्य, 'पोचला असावा' हा अंदाज, आणि 'तिने पहाटे उठावं, पाणी भरावं, मग चूल पेटवावी' ही जुनी रीत. एकच रूप आणि कोणाचा गोंधळ होत नाही, बाकीचं वाक्य सांभाळून घेतं. शाप आणि इच्छा एकत्र कर बिनधास्त, क्लिंगॉनमध्ये (स्टार ट्रेकमधली बनवलेली भाषा) पण 'असं होवो' साठी -जाज हा एकच प्रत्यय आहे, भलं चिंता नाहीतर वाईट.

अर्धा_र
सगळं प्रत्ययातच कोंबायचं कशाला पण? मराठीतला नकार बघा. जात नाही, जाऊ नको, जाऊ नये, गेला नसता. नुसता नकार ऐकला तरी अर्थ कळतो!! शिवाय विध्यर्थ आला की कर्ता पण बदलतो, 'तो जातो' पण 'त्याने जावं'. तुझ्या भाषेत नकाराचेच तीन शब्द कर, निम्मे प्रत्यय आपोआप गळतील.

टिंबटिंब
ऐकीव बातमी मुळात या यादीत नकोच. ते 'मला हे कसं कळलं' याचं खातं आहे, वेगळं. तुर्कीत 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे, तिथे प्रत्ययच आहे -मिश. पाणिनीचं 'परोक्षे लिट्' (लिट् म्हणजे संस्कृतातलं एक भूतकाळी रूप) पण त्याच वाटेवरचं, बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलेलं. आपण मात्र 'म्हणे' कशालाही चिकटवतो, येणार म्हणे, आला असता म्हणे, मीच जावं म्हणे (हे शेवटचं रागाने). सुटा शब्द कर, कुठेही बसेल.

वेलांटी_पहिली
नकाराचं डोक्यातच आलं नव्हतं, भारी!! 'म्हणे' पण सुटं काढलं, शंका आणि परवानगी इच्छेत गेली, तर आता ५ उरलेत आणि होडी एकदाची आली. काना, शाप मात्र वेगळाच ठेवतेय हं. मिठागरं आहेत ती, अवेळी पाऊस पडला की ही माणसं दिवसभर दुसरं काय बोलणार.